सांध्यातली ती रेघ चिकटवलेली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तीन आठवड्यांपूर्वीच्या आपल्या रविवार पुरवणीत हाताने केलेल्या लाकडी पेट्यांवर लेख आला होता. फोटो सुंदर होते, लेखही जीव लावून लिहिलेला होता. सुतारकामाला अर्धं पान क्वचितच मिळतं, त्याबद्दल आधी आभार मानते. पण त्यातलं एक वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही. ‘पेटीच्या कोपऱ्यांना वेगळ्या रंगाच्या लाकडाची बारीक पट्टी वरून चिकटवून शोभा आणलेली असते,’ असं ते वाक्य. हे साफ चूक आहे. आणि त्या चुकीची झळ माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाला बसली, म्हणून हे पत्र.

मी मिरजेची. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वडील सुतार होते. त्यांच्या दुकानात भुशावर पोतं टाकून मी पाढे पाठ केले, पण लाकूड कोरायची पटाशी कधी हातात मिळाली नाही. मुलीने ती मागायची नसते, असा तो काळ. मिळाली ती निवृत्तीनंतर, वयाच्या ५९व्या वर्षी, वडिलांच्याच हाताखाली तयार झालेल्या मिस्त्रींकडून. आज सात वर्षं झाली, आम्ही दोघं मिळून पेट्या करतो. दागिन्यांच्या, जुन्या पत्रांच्या, तंबोऱ्याच्या तारा आणि जवारीचा दोरा ठेवायच्या. महिन्याला एक, फार तर दोन. अवघड काम मिस्त्रींचं. आखणी, मोजमाप आणि घासकाम माझं.

लेख आला त्याच्या दुसऱ्याच मंगळवारी एक गृहस्थ आले. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पेटी सांगून ठेवली होती, ७,५०० रुपयांना बोलणी झाली होती. खिशातून त्यांनी पुरवणीचं कात्रण काढलं, घडी उलगडली आणि म्हणाले, “बाई, पेपरात तर लिहिलंय की पट्टी चिकटवतात. चिकटवायचे एवढे पैसे?” चार हजारांत देता का, असं विचारत होते. त्यांना दोष देत नाही. छापलेलं वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला, यात त्यांचं काय चुकलं? मिस्त्री एक शब्द बोलले नाहीत. हातातली पटाशी त्यांनी कापडात गुंडाळली आणि चहा सांगायला बाहेर गेले. पेटी आम्ही दिली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना मिस्त्री म्हणाले, “छापून आलंय बाई. आता आपण सांगून कोण ऐकणार?”

म्हणून सविस्तर सांगते. हेही छापून यावं, एवढीच विनंती.

दोन फळ्या काटकोनात जोडायच्या तर सगळ्यात सोपा खिळा. पण खिळा गंजतो, लाकूड पावसाळ्यात फुगतं नि उन्हाळ्यात आकसतं, आणि दोन-चार वर्षांत खिळ्याचं भोक सैल होतं. डव्हटेलचा सांधा हे सगळं टाळतो. आमच्याकडचे मिस्त्री त्याला ‘डबटेल’ म्हणतात. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे आकार कापायचे, मुळाशी अरुंद आणि टोकाशी रुंद. दुसऱ्या फळीच्या टोकाला त्यांच्या मधल्या खोबण्यांत बरोब्बर बसतील असे दात काढायचे. आम्ही कामात ‘शेपटी’ आणि ‘दात’ एवढंच म्हणतो. एकदा बसले की एका दिशेला कितीही ओढा, शेपटीचं रुंद टोक अरुंद जागेतून निघूच शकत नाही. म्हणून तर जुन्या टेबलांच्या ड्रॉवरना हा सांधा असतो. ड्रॉवर रोज दहा वेळा ओढला जातो, आणि ओढ नेमकी त्याच दिशेला असते. हजारो वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही हा सांधा आहे.

शेपटीचा उतार किती ठेवायचा, हा माझ्या आवडीचा भाग. मऊ लाकडाला १:६, टणक लाकडाला १:८ असं धरतात. म्हणजे सहा किंवा आठ पुढं जाताना एक बाजूला सरकायचं. अंशांत सांगायचं तर पहिला साडेनऊच्या आसपास, दुसरा सातच्या किंचित वर. उतार फार कमी ठेवला तर सांधा सरळ दातांसारखा होतो आणि ओढला की निघतो. फार जास्त ठेवला तर शेपटीचे कोपरे इतके टोकदार होतात की लाकडी मोगरीच्या पहिल्या ठोक्याला त्यांचा टवका उडतो. दहावीच्या मुलांना मी टॅन थीटा शिकवायची तेव्हा ते फळ्यावर काढलेल्या शिडीपुरतं असायचं. आता वाटतं, वर्गात एक ड्रॉवर उचलून न्यायला हवा होता.

वडिलांची हत्यारपेटी माझ्याकडे आहे. सागवानाची, दोन हात लांब, त्यांनी स्वतः तरुणपणी केलेली. तिच्या कोपऱ्यांना साधाच डबटेल आहे, नक्षी काही नाही. पण जवळ जाऊन पाहिलं तर शेपट्यांच्या मुळाशी सुरीने आखलेली केसाएवढी रेघ अजून दिसते. कापायच्या आधी तिथवर खूण केलेली, ती त्यांनी घासून काढली नाही. आत, प्रत्येक कोपऱ्याला पेन्सिलने १-१, २-२ असे आकडे आहेत, कुठली फळी कुठल्या फळीशी जायची त्याचे. हाताने कापलेला प्रत्येक कोपरा फक्त स्वतःच्याच जोडीदाराशी बसतो, दुसऱ्याशी नाही. ती पेटी तीन घरं फिरली, एकदा पुराच्या पाण्यात गुडघाभर उभी राहिली. एकही कोपरा हललेला नाही.

आता लेखातल्या त्या वेगळ्या रंगाच्या रेघेकडे येते.

रेघेचा सांधा करताना हाच डबटेल दोनदा कापावा लागतो. आमच्या पेट्यांची फळी १२ मिलिमीटरची असते. साध्या सांध्यात शेपट्यांमधली खोबणी १२ मिलिमीटर खोल कापली की झालं, समोरच्या फळीची जाडी तेवढीच. रेघ हवी असेल तर खोबणी मुद्दाम मोठी कापायची. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर रुंद आणि साडेतेरा मिलिमीटर खोल. मग वेगळ्या रंगाच्या लाकडाची, त्याच आकाराची पाचर घडवायची आणि फेव्हिकॉल लावून त्या खोबणीत ठोकून बसवायची. सगळ्या खोबण्या अशा भरल्या की फळी क्लॅम्पमध्ये एक दिवस-रात्र तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी रंधा मारून सपाट केली की फळीच्या टोकाला सागवान, पांढरं, सागवान, पांढरं असे पट्टे दिसतात. आणि मग, संपादक महाराज, जे एवढ्या कष्टाने भरलं ते पुन्हा कापून काढायचं. पांढऱ्या पाचरीच्या आत, कडेपासून दीड मिलिमीटर सोडून, सुरीने नवी आखणी करायची. करवत त्या आखणीच्या आतल्या अंगाने चालवायची आणि मधला भाग काढून टाकायचा. खोली आता १२. मागे उरतं ते पांढऱ्या लाकडाचं एक पातळ अस्तर, खोबणीच्या दोन्ही कुशींना आणि तळाला. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढं. ही नवी, लहान खोबणी दुसऱ्या फळीवर ठेवून दात आखायचे आणि कापायचे. ते दात या अस्तरात जाऊन बसले की बाहेरून प्रत्येक दाताभोवती बारीक पांढरी रेघ दिसते.

तुमच्या लेखात ‘वरून चिकटवलेली पट्टी’ म्हटलंय ती हीच रेघ. फळीच्या पूर्ण जाडीतून ती आरपार गेलेली असते.

मोजून सांगते, सवय आहे. एका कोपऱ्यात चार शेपट्या धरा. त्यांच्यामध्ये तीन पूर्ण खोबण्या आणि दोन कडांना दोन अर्ध्या. पूर्ण खोबणीला दोन तिरके काप, अर्धीला एक, म्हणजे कोपऱ्याला आठ. चार कोपऱ्यांचे ३२. साध्या पेटीत शेपट्यांचे ३२ आणि दातांचे ३२, एकूण ६४ काप. रेघेच्या पेटीत शेपट्यांकडचे ३२ दोनदा आणि दातांचे ३२, असे ९६. शिवाय वीस पाचरी, प्रत्येक आपापल्या खोबणीच्या मापाची. त्यातला एक काप अर्ध्या मिलिमीटरने जरी आखणीबाहेर गेला तरी रेघ एका बाजूला जाड आणि एका बाजूला दोऱ्यासारखी दिसते. डोळ्याला ती लगेच खुपते, आणि ती झाकायला लांबी-पुट्टी चालत नाही. सगळी फळी बदलावी लागते.

माझी पहिली पेटी अशीच वाया गेली, आणि का गेली ते सांगायला हवं, कारण या कामातलं खरं शहाणपण तिथंच आहे. पाचरी मी एका लांब पट्टीतून आडव्या कापल्या होत्या. आकार अचूक, बसल्याही छान. दुसऱ्यांदा कापताना करवत निम्म्यात आली आणि ती दीड मिलिमीटरची भिंत बिस्किटासारखी तुटून हातात आली. मी पुन्हा केली, पुन्हा तुटली. मिस्त्रींनी तुकडा उचलला, नखाने वाकवला आणि म्हणाले, “बाई, रेषे बघा.” लाकडाचे रेषे, म्हणजे तंतू, आडवे होते. भिंत लांबीला बारा मिलिमीटर, आणि रेषे मात्र तिच्या आडव्या अंगाने जाणारे, मग ती उभी राहणार कशी? पाचरीचे रेषे फळीच्या रेषांच्याच दिशेला असायला हवेत. तसे असले की कडेची भिंत फळीला एकजीव चिकटते, आणि पातळ असूनही करवतीला टिकते. अडचण एवढीच की तळाची रेघ मात्र मग नाजूक होते, कारण तिथे रेषे तोडून आलेलं तोंड दुसऱ्या तशाच तोंडाला चिकटतं, आणि असं तोंड डिंक पिऊन टाकतं. म्हणून तळाला आधी पातळ फेव्हिकॉल चोळून मुरू द्यायचा, मग दुसरा हात द्यायचा. आणि दुसऱ्यांदा तळ साफ करताना मोगरी बाजूला ठेवायची, पटाशी फक्त तळहाताच्या दाबाने चालवायची. तिची धार आदल्या रात्री निसण्यावर काढून ठेवलेली असते. इथे बोथट पटाशी लाकूड कापत नाही, दाबते. त्या दाबाने तळाची रेघ उचकटते.

आमच्याच गावाचं उदाहरण देते, म्हणजे फरक लक्षात येईल. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतून ही कला उभी राहिली, आणि फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांवर जी वेलबुट्टी असते, ती लाकडात कोरून, कोरलेल्या जागेत पूर्वी हस्तिदंत आणि आता प्लास्टिक भरून, वरून घासून सपाट केलेली असते. ते जडावकाम, आणि फार मोठ्या कौशल्याचं काम. पण जडावाची खाच पृष्ठभागापुरती असते. ते काढून टाकलं तरी तंबोरा वाजेल. सांध्यातली रेघ काढता येत नाही, तिच्यावरच कोपरा उभा असतो. तुमच्या लेखकांचा घोळ इथं झाला असावा असं मला वाटतं, आणि तो होण्यासारखाही आहे. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं.

वाचकांनी ओळखायचं कसं? सोपं आहे. पेटीचा कोपरा उजेडात धरा आणि रेघ जिथे कडेपाशी पोचते तिथे बघा. खऱ्या सांध्यात ती कडेवरून वळून शेजारच्या बाजूवर जाते. एका बाजूला ती तिरकी दिसते, कारण तिथे शेपटीचा उतार आहे. दुसऱ्या बाजूला तीच रेघ सरळ खाली येते. वरून लावलेली पट्टी असेल तर कडेला संपते, किंवा दोन्ही बाजूंना वेगवेगळी लावलेली असते आणि कडेवर जुळत नाही. नख फिरवून पाहिलं तरी कळतं.

हे काम हातानेच करावं लागतं असंही नाही. अमेरिकेत इन्क्रा नावाचं एक साधन मिळतं. त्यात फळी इंचाच्या बत्तिसाव्या भागाने, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटरने, नेमकी पुढे सरकवता येते आणि राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्राने, असे दुहेरी डव्हटेल कापता येतात. माझ्या भाचीने तिकडून त्याचे फोटो पाठवले होते. काम देखणं होतं, रेघा यंत्राच्याच, एकसारख्या. मला त्याचा आदर आहे. पण तिथंही क्रम हाच: कापा, भरा, पुन्हा कापा. यंत्र लावलं म्हणून रेघ वरून येत नाही.

लाकडाबद्दल थोडं. सागवान आम्ही पाडलेल्या वाड्यांचं घेतो, तुळया आणि दाराच्या चौकटी. साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही. नवं लाकूड आणून लगेच असा सांधा केला तर ते आकसतं आणि रेघेशेजारी फट पडते. शिवाय चारही बाजूंच्या फळ्यांचे रेषे पेटीभोवती आडवे फिरतील असेच ठेवतो, म्हणजे पावसाळ्यात पेटी फुगली तरी चारही बाजू मिळून उंचीत फुगतात, कोपऱ्यावर ताण येत नाही. तळाची फळी खाचेत सैल सोडतो, तिला डिंकाचा थेंबही लावत नाही. पांढऱ्या रेघेसाठी काळा कुडा. नाव काळा, पण आतलं लाकूड हस्तिदंतासारखं. चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच झाडाच्या लाकडाची होतात. गडद रेघ हवी असेल तर शिसवी, तीही मोडक्या पलंगांच्या पायांतली. या जुन्या लाकडासाठी आम्ही भंगारवाल्यांकडे फेऱ्या मारतो. अनेकदा आम्ही पोचेपर्यंत चौकटी फोडून जळणाला गेलेल्या असतात. कुणाच्या घराचं काम निघालं असेल तर कृपया सुताराला एकदा बोलवा, मग काय ते ठरवा. हा विषय वेगळा आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, पुढच्या रविवारी एक ओळीची दुरुस्ती छापावी: ‘ही रेघ सांधा दोनदा कापून, मध्ये वेगळं लाकूड भरून तयार होते.’ एवढंच. आमची नावं नकोत, दुकानाचा पत्ता नको. दुसरी, कारागिरीवर लिहिताना आपल्या लेखकांनी एक तास हत्यारांजवळ बसावं. जी क्रिया लिहिणार ती डोळ्यांसमोर होताना बघावी. मिस्त्रींसारखी माणसं स्वतःच्या कामाबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाहीत. त्यांच्याबद्दल जे छापून येतं तेवढंच लोकांना कळतं, आणि त्यावरून त्यांची मजुरी ठरते.

लग्नाची ती पेटी अजून दुकानातच आहे. तीन फळ्या जोडून झाल्या होत्या. चौथी मिस्त्रींनी तशीच बसवून ठेवलीय, डिंक न लावता. मोगरीने दोन हलके ठोके दिले की फळी बाहेर येते, आणि खोबणीच्या आत, दोन्ही कुशींना आणि तळाला, कुड्याचं पांढरं अस्तर स्वच्छ दिसतं. लेख लिहिणाऱ्यांना सांगा, महिनाअखेरपर्यंत कधीही या. दुपारी चारनंतर आम्ही दोघंही असतो. तोवर त्या फळीला डिंक लावणार नाही, असं मिस्त्रींनी मला कबूल केलं आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणितशिक्षिका, मिरज